कोर्सचं पान सेव्ह केलं म्हणजे नक्की काय सेव्ह झालं?

सध्या कोल्हापुरात ज्याला विचारावं तो कुठला ना कुठला ऑनलाइन कोर्स करतोय. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये क्वालिटीला असलेला पोरगा एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या साइटवर कास्टिंगचं काहीतरी बघतोय, विद्यापीठातून डिस्टन्सने एमकॉम करणारी ताई जोडीला जीएसटीचा कोर्स करतीय, आणि राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बसणारी निम्मी पोरं पुस्तकापेक्षा मोबाइलमध्येच जास्त असतात (त्यातली काही खरंच अभ्यास करत असतात). सगळ्यांचा एक प्रश्न मात्र कॉमन. कोर्स संपल्यावर हे परत बघायला मिळणार का, आणि नसेल मिळणार तर आत्ताच काढून कसं ठेवायचं?

मग कोणी बुकमार्क करतं, कोणी स्क्रीनशॉटचा ढीग लावतं, कोणी कंट्रोल एस दाबून निवांत होतं. सहा महिन्यांनी फाइल उघडली की पांढरं फटक पान, नाहीतर मजकूर आहे पण आकृत्या गायब, आणि सगळ्यात भारी म्हणजे आत फक्त लॉगिनचा डबा दिसतो, बाकी काही नाही. यात बटण चुकीचं दाबलं असं काही नसतं. आपण ज्याला एक पान म्हणतो ते मुळात एक नसतंच, सगळा घोळ तिथं आहे.

गणपतीत शाहूपुरीत किंवा मंगळवार पेठेत एखाद्या मंडळाचा हलता देखावा बघितलाय का? मूर्ती एकीकडून आलेल्या, मोटर दुसऱ्याची, लाइटवाला तिसरा, आवाज पेनड्राइव्हवरून, आणि मागं एक माणूस बसून वेळेवर बटणं दाबत असतो. समोरून बघणाऱ्याला मात्र एकच सलग गोष्ट दिसते. वेब पेज असंच असतं. मजकुराचा सांगाडा एचटीएमएलमध्ये येतो, रंगरूप सीएसएस नावाच्या वेगळ्या फाइलमधून, चित्रं तिसऱ्याच सर्व्हरवरून, व्हिडिओ तर बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीच्या साइटवरून त्या चौकटीत आणून बसवलेला असतो, आणि हे सगळं जुळवून चालवणारा मागचा माणूस म्हणजे जावास्क्रिप्ट. स्क्रीनशॉट म्हणजे देखाव्याचा फोटो. दिसायला बरोबर, पण हलत नाही, आणि त्यातलं एक वाक्य सर्च करायचं म्हटलं तर फोटोतला मजकूर ओळखणारं वेगळं ॲप वापरावं लागतं. कंट्रोल एस म्हणजे मूर्ती घरी आणल्या पण मोटरवाला तिथंच राहिला. आणि बुकमार्क म्हणजे नुसता मंडळाचा पत्ता, अनंत चतुर्दशीनंतर गेलात तर रिकामा मांडव.

पत्ता का पुरत नाही हे आधी बघू. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक पाहणी केली, त्यात २०१३ साली असलेल्या वेब पेजेसपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. ही साध्या, सगळ्यांना उघड्या असलेल्या पानांची गत. कोर्सचं पान तर त्याहून नाजूक, कारण ते तुमच्या लॉगिनच्या मागं असतं आणि कोर्सला मुदत असते. एडएक्स या कोर्सच्या साइटवर फुकटात ऑडिट केलं (सर्टिफिकेट न घेता नुसतं बघितलं) तर ठरावीक मुदतीनंतर कोर्सचं साहित्य बंद होतं. कोर्सेरा ही तसलीच साइट २०१२ ला सुरू झाली आणि २०१६ च्या जून अखेरीस त्यांनी आपला जुना प्लॅटफॉर्म बंद केला, त्यावरचे बरेच जुने कोर्स नव्या जागी आलेच नाहीत, तेव्हा जगभरातल्या लोकांनी शेवटच्या आठवड्यांत रात्र रात्र बसून व्हिडिओ उतरवले होते. आणि नंतर वाचू म्हणून लिंका साठवायचं पॉकेट नावाचं ॲप होतं, मोझिलाचं, ते स्वतःच जुलै २०२५ मध्ये बंद झालं. म्हणजे जिथं साठवलं ती जागाच गेली. तेव्हा पुढं लागणारी गोष्ट फाइल म्हणून आपल्या हातात पाहिजे, हे एकदा पक्कं करा.

आता ही फाइल करायची कशी. एकच पद्धत सगळ्याला चालत नाही, पानावर काय आहे त्यावर ठरतं.

नुसता मजकूर आणि थोड्या आकृत्या असतील तर प्रिंट टू पीडीएफ बास आहे. कंट्रोल पी, प्रिंटरच्या जागी सेव्ह ॲज पीडीएफ. पण दाबायच्या आधी पान एकदा वरपासून खालपर्यंत सावकाश स्क्रोल करा, कारण आजकालच्या साइट्स चित्रं आधी आणतच नाहीत, तुम्ही तिथपर्यंत पोचलात की मग आणतात, डेटा वाचवायला. न स्क्रोल करता पीडीएफ केली की आकृतीच्या जागी राखाडी चौकोन मिळतो. दुसरं, कोर्सच्या पानांवर "उत्तर बघा", "अधिक माहिती" असे मिटलेले कप्पे असतात, ते मिटलेले असतील तर पीडीएफमध्येही मिटलेलेच राहतात, आणि कागदावर क्लिक काय होणार. सगळे कप्पे उघडा, गणिताची सूत्रं नीट उमटेपर्यंत दोन सेकंद थांबा (सूत्रं बऱ्याचदा मॅथजॅक्स नावाची स्क्रिप्ट नंतर काढते, तोपर्यंत नुसते डॉलर आणि उलट्या तिरक्या रेघा दिसतात), आणि मगच प्रिंट.

पीडीएफची एक अडचण खास आपल्या भाषेची आहे आणि ती कुणी सांगत नाही. देवनागरीत "कि" लिहिताना ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी पण साठवली जाते नंतर, जोडाक्षरात दोन-तीन अक्षरं मिळून एक आकार होतो. पीडीएफ हा मुळात आकार कुठं बसवायचा ते सांगणारा प्रकार आहे, अक्षर कुठलं हे तो दरवेळी नीट लक्षात ठेवतोच असं नाही. त्यामुळं पीडीएफ वाचायला एकदम झकास, पण त्यातला मराठी मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाकला की वेलांट्या भलतीकडं, जोडाक्षरं फुटलेली, आणि सर्च मारला तर समोर दिसणारा शब्द सापडत नाही. जुन्या नोट्स कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमधल्या असतील तर अजून मजा, कॉपी केल्यावर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं येतं, कारण ते युनिकोड (प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला एकच कोड) नाहीच. म्हणून मराठी कोर्स असेल, आणि पुढं त्यात शोधाशोध करायची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, पीडीएफ ठेवा पण सोबत एचटीएमएल पण ठेवा. एचटीएमएलमध्ये अक्षरं अक्षरं म्हणूनच राहतात.

मग एचटीएमएल ठेवायचं कसं? क्रोममध्ये कंट्रोल एस दाबल्यावर खाली तीन पर्याय येतात आणि लोक बघतच नाहीत. नुसतं एचटीएमएल म्हणजे फक्त सांगाडा, तो नको. कम्प्लीट म्हणजे एक फाइल आणि तिच्याशेजारी त्याच नावाचं एक फोल्डर, चित्रं नि बाकीचं सामान त्या फोल्डरमध्ये. हे चालतं, पण लोक नेमकी फाइल तेवढी व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि फोल्डर मागं राहतं, मग समोरचा म्हणतो चित्रं दिसेनात. तिसरा पर्याय सिंगल फाइल, एमएचटीएमएल, यात सगळं एकाच फाइलमध्ये गुंडाळलेलं असतं. क्रोम आणि एजमध्ये छान उघडते, फायरफॉक्समध्ये थेट उघडत नाही. आणि उघडल्यावर आतल्या स्क्रिप्ट चालत नाहीत, म्हणजे मिटलेला कप्पा मिटलेलाच, तेव्हा उघडून मगच सेव्ह हा नियम इथं पण लागू.

मला विचाराल तर मी सिंगलफाइल नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, वापरायला सांगतो. फुकट आहे, सोर्स कोड उघडा आहे, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीला मिळतं. हे काय करतं, तर स्क्रीनवर आत्ता जे जुळून उभं आहे तेच घेतं आणि चित्रंसुद्धा मजकुरात रूपांतर करून त्याच एका एचटीएमएल फाइलमध्ये कोंबतं. त्या रूपांतराला बेस सिक्स्टीफोर म्हणतात आणि त्यात चित्राचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, तेवढं चालतंय की. फायदा असा की ती फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये, नेट नसताना उघडते. महत्त्वाचं म्हणजे हे तुमच्या लॉगिन झालेल्या ब्राउझरच्या आत बसून काम करतं, त्यामुळं लॉगिनच्या मागचं पानही येतं.

ही लॉगिनची गोष्ट जरा नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणांचा घोळ इथंच होतो. तुम्ही लॉगिन केलं की साइट तुमच्या ब्राउझरला एक छोटी खूण देते, कुकी, आणि पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझर ती खूण दाखवत राहतो. तुम्ही पानाची लिंक कॉपी करून एखाद्या "वेबसाइट टू पीडीएफ" वाल्या साइटवर टाकली तर त्या बिचाऱ्याकडं तुमची खूण नाही, त्याला लॉगिनचंच पान दिसणार आणि तो त्याचीच पीडीएफ करून देणार. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनचंही तेच. १९९६ पासून ही संस्था वेब साठवतीय आणि उघड्या पानांसाठी "सेव्ह पेज नाऊ" म्हणजे वरदान आहे, पण तुमच्या कॉलेजच्या पोर्टलमधलं पान तिला दिसतच नाही. कोणी म्हणालं की तुझा पासवर्ड दे, आमचं टूल सगळं काढून देतं, तर नाद सोडा त्याचा.

याच जातीचा अजून एक प्रकार. कोर्समधल्या पीडीएफच्या किंवा स्लाइड्सच्या लिंका बऱ्याचदा थोड्या वेळापुरत्याच असतात, लिंकच्या शेपटीला एक लांबलचक आकडेअक्षरांचा गुंता असतो त्यात मुदत लिहिलेली असते. ती लिंक वहीत लिहून किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲप करून काही उपयोग नाही, उद्या ती मेलेली असते. फाइलच उतरवून घ्या.

मोबाइलवरच सगळं करणाऱ्यांसाठी, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तीन ठिपके दाबले की वर एक खाली जाणारा बाण दिसतो, त्याने पान ऑफलाइन सेव्ह होतं आणि डाउनलोड्समध्ये सापडतं. आयफोनवर सफारीत स्क्रीनशॉट काढून वर फुल पेज निवडलं की पूर्ण पानाची पीडीएफ होते. गगनबावड्याच्या एसटीत घाट लागला की रेंज जाते, तेवढ्या वाचनाला हे पुरतं. कायमचं साठवायला मात्र कॉम्प्युटरवर बसलेलं बरं.

आता व्हिडिओ. सगळ्यांना खरं तर हेच पाहिजे असतं आणि इथंच सगळ्यात जास्त निराशा होते. पान कुठल्याही पद्धतीने सेव्ह केलं तरी व्हिडिओ बहुतेक वेळा येत नाही, कारण तो एक फाइल म्हणून येतच नसतो. लेक्चर काही काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेलं असतं, तुमचं नेट बघून प्लेअर ठरवतो पुढचा तुकडा भारी क्वालिटीचा आणायचा की हलका, म्हणून तर मध्येच चित्र पुसट होऊन परत साफ होतं. त्यामुळं राइट क्लिक करून सेव्ह व्हिडिओ शोधत बसलात तर तिथं एक फाइल अशी नसतेच. काही ठिकाणी वर अजून डीआरएमचं, म्हणजे कॉपी करू नये म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप असतं. युडेमी, कोर्सेरा यांच्या मोबाइल ॲपमध्ये ऑफलाइन डाउनलोडची सोय असते, ती जरूर वापरा, पण ते ॲपच्या आतच राहतं, गॅलरीत दिसत नाही, ॲप काढलं किंवा कोर्सचा ॲक्सेस गेला की तेही गेलं. युडेमीचं लाइफटाइम ॲक्सेस पण तो कोर्स त्यांच्याकडं आहे तोवरच, हे त्यांच्या अटींत लिहिलेलं आहे, कोणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी.

माझं सरळ म्हणणं असं आहे की नव्वद टक्के लोकांना व्हिडिओची गरजच नसते, त्यातलं बोलणं पाहिजे असतं. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ते बोलणं लिहून काढलेलं, घ्या. तासाभराच्या लेक्चरमध्ये साधारण आठ हजार शब्द होतात, इंग्रजीत असेल तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पन्नास केबीच्या आसपास (मराठी असेल तर तिप्पटीच्या जवळ, कारण देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात), आणि त्याच तासाचा व्हिडिओ शेकडो एमबीचा. टेक्स्टमध्ये "रायझर" शब्द शोधला की फाउंड्रीतल्या त्या पोराला दोन सेकंदांत कळतं सर कुठं बोलले, व्हिडिओत मागं पुढं करत अर्धा तास जातो. यूट्यूबवर डिस्क्रिप्शनमध्ये शो ट्रान्सक्रिप्ट असतं तिथून कॉपी करता येतं, वेळेसकट. मग ज्या पाच-दहा ठिकाणी फळ्यावरची आकृती किंवा मशीन चालताना बघणं खरंच गरजेचं आहे, तेवढ्याचा स्क्रीनशॉट त्या टेक्स्टमध्ये लावा आणि शेजारी मिनिट लिहा. ही फाइल तुम्ही खरंच परत उघडाल. ऐंशी जीबी व्हिडिओचं फोल्डर कोणी उघडत नाही, सगळ्यांना माहितीय.

क्विझबद्दल थोडक्यात. सबमिट केल्यावर बरोबर उत्तराखाली जे स्पष्टीकरण येतं ते सोनं असतं, ते त्याच वेळी पीडीएफ करून ठेवा कारण नंतर ते पान कधी कधी उघडत नाही. पण उत्तरं ग्रुपवर टाकू नका, कोर्सच्या नियमांत ते बसत नाही आणि ज्यांना खरंच शिकायचंय त्यांचंही वाटोळं होतं.

हे कायद्यात बसतं का, असा प्रश्न येतोच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधन धरून, वाजवी वापराला मुभा आहे. शिकवण्याच्या कामासाठी प्रत काढण्याबद्दलही त्यात तरतूद आहे, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सवाल्याचा खटला आठवत असेल, मोठ्या परदेशी प्रकाशकांनी केलेला, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो विद्यार्थ्यांच्या बाजूने लावला. पण २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं, त्यात हक्क मोडायच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. शिवाय प्रत्येक साइटच्या स्वतःच्या अटी असतात, त्या मोडल्या तर अकाउंट बंद होऊ शकतं. मी वकील नाही, पण साधी रेघ अशी ओढता येते, स्वतः वाचायला पान ठेवलं तर सहसा कोणी काही म्हणत नाही, कुलूप तोडून व्हिडिओ काढले किंवा विकत घेतलेला कोर्स टेलिग्रामवर वाटला तर ते सरळ सरळ चुकीचं आहे, मग कितीही "गरीब विद्यार्थ्यांसाठी" म्हणा.

आणि गंमत म्हणजे खूप चांगलं साहित्य असं आहे की ज्याला ही कसरतच लागत नाही. एमआयटी ओपनकोर्सवेअर, २००१ ला जाहीर झालेलं, तिथं कोर्सच्या पानावरच डाउनलोडचं बटण असतं, झिप उतरते, उलगडली की पूर्ण कोर्स ऑफलाइन वेबसाइटसारखा चालतो, व्हिडिओ तेवढे वेगळे घ्यावे लागतात. नाव द्या, धंदा करू नका आणि त्याच अटींवर पुढं द्या, एवढंच त्यांचं लायसन्स सांगतं. आपलं एनपीटीईएल, आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीचं, २००३ पासून चालू आहे, तिथं लेक्चरची ट्रान्सक्रिप्ट पीडीएफमध्ये मिळतात आणि काही कोर्सची मराठीसुद्धा आहेत, फाउंड्रीतल्या लोकांनी तर बघाच. अख्खा मराठी विकिपीडिया ऑफलाइन पाहिजे असेल तर किविक्स नावाचं ॲप आहे, एकदा फाइल उतरवली की नेटची गरज नाही. राधानगरी, चंदगडकडच्या शाळांना नेट धड नसेल तर कोलिब्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर टाकून सगळ्या वर्गाला त्यावरून खान अकॅडमीचे धडे देता येतात, एकदा कुठूनतरी सामान भरून आणलं की झालं.

कॉलेजचं पोर्टल बहुतेक ठिकाणी मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) असतं, वरचा रंग नि लोगो बदललेला असला तरी आत तेच. त्यात बुक प्रकारचं साहित्य असेल तर प्रिंट बुक असा पर्याय सापडतो, सगळे चॅप्टर एका पानात येतात आणि मग एकच पीडीएफ. फोल्डर असेल तर अख्खं फोल्डर डाउनलोड करायचं बटण असतं. पूर्ण कोर्स एका दणक्यात उतरवायची सोयही नव्या मूडलमध्ये आहे, पण ती ॲडमिनने चालू करावी लागते, तेव्हा सरांना किंवा मॅडमना सरळ विचारा की चालू करता का म्हणून. आणि हे काम सेमिस्टर चालू असतानाच करा, निकालानंतर नवी बॅच आली की जुना कोर्स कधी लपवतील सांगता येत नाही.

सेव्ह झालं की लगेच एक टेस्ट करायची, फोन फ्लाइट मोडवर टाकायचा किंवा लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं आणि फाइल उघडायची. नेट चालू असताना सेव्ह केलेली अर्धवट फाइल पण पूर्ण दिसते, कारण उरलेली चित्रं ती गुपचूप परत साइटवरून आणते. नेट बंद केल्यावर जे दिसतं तेवढंच तुमचं.

नावं देताना "नोट्स फायनल २ नवीन" असलं काही करू नका. आधी वर्ष-महिना, मग कोर्सचं नाव, मग आठवडा, म्हणजे "२०२५-०८ कास्टिंग आठवडा ०३", आपोआप ओळीत लागतात. फाइलच्या वरच्या ओळीत मूळ लिंक आणि कधी उतरवलं ती तारीख लिहा, सिंगलफाइल हे आपण होऊन करतं. आणि एक प्रत घराबाहेर पाहिजे. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत कुंभार गल्लीपर्यंत आलं तेव्हा तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्ड डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात जायची वेळ होती. गूगल ड्राइव्हवर टाका, नाहीतर पेनड्राइव्ह पाण्यापासून लांब राहणाऱ्या एखाद्या पाहुण्याकडं ठेवा, फक्त वर्षातून एकदा तो लावून फाइल उघडतीय का बघा, वर्षानुवर्षं न लावलेल्या पेनड्राइव्हमधला डेटा हळूहळू खराब होऊ शकतो.